चाकांबरोबर वळणारे पूरक दिवे

मोटारवाहनाच्या मूळ हेडलाइटव्यतिरिक्त बसवलेल्या आणि पुढील चाके ज्या बाजूस वळतील त्या बाजूस स्वतःही वळणाऱ्या दिव्यांना चाकांबरोबर वळणारे पूरक दिवे म्हणतात. डोंगरवाटा, जंगलातील गाडीवाटा, नदीपात्रे, वाळू, खडकाळ उतार अशा ठिकाणी चालवल्या जाणाऱ्या जीपवर्गीय वाहनांसाठी हे दिवे वापरले जातात. बोलण्यात सर्वच पूरक दिव्यांना सरसकट ‘फॉग लाइट’ किंवा ‘एक्स्ट्रा लाइट’ म्हटले जाते. तथापि धुक्यासाठीचा दिवा, लांब पल्ल्याचा दिवा आणि वळणारा दिवा यांची कामे वेगवेगळी आहेत.

गरज

नेहमीचा हेडलाइट वाहनाच्या सांगाड्याला घट्ट बसवलेला असतो. त्यामुळे वाहनाचे तोंड जिकडे असेल तिकडेच त्याचा झोत पडतो. सरळ रस्त्यावर यात काही उणे नाही. वळणावर मात्र वाहनाचे तोंड एकीकडे आणि पुढची वाट दुसरीकडे, अशी स्थिती होते. घाटातील अरुंद वळणावर रात्री झोत समोरच्या दरीत किंवा कड्यावर पडतो आणि ज्या जमिनीवर पुढच्याच क्षणी चाक जाणार ती अंधारात राहते. पक्क्या रस्त्यावर कठडे, पांढरे पट्टे आणि परावर्तक यांचा आधार असतो. कच्च्या वाटेवर तोही नसतो. पावसाने खचलेली कड, आडवा ओंडका किंवा चाक अडकेल एवढा दगड दिसण्यास एक-दोन सेकंदांचा उशीर झाला, तरी वाहन कलंडू शकते.

हँडलच्या दुचाकीवर हा प्रश्न अंशतः आपोआप सुटतो. बजाज चेतकसारख्या स्कूटरचा दिवा हँडलवरच असल्याने हँडल वळले की तोही वळतो. इटलीत १९४६ साली आलेल्या पहिल्या व्हेस्पाचा दिवा तर पुढच्या चाकाच्या मडगार्डवरच होता. चारचाकी एटीव्ही वाहनांतही ही सोय आढळते. पोलारिस स्पोर्ट्समनसारख्या एटीव्हीला हँडलवर एक दिवा आणि खाली सांगाड्यावर स्थिर दिवे असतात. वळणारा व स्थिर प्रकाश एकत्र देण्याची ही रीत पुढे येणाऱ्या निवडीच्या चर्चेत महत्त्वाची आहे.

इतिहास

ही कल्पना जुनी आहे. १९२०-३० च्या दशकांत अमेरिकेतील महागड्या मोटारींवर ‘पायलट-रे’ नावाचे जादा दिवे बसवले जात. बंपरजवळच्या आडव्या दांडीवरील हे दिवे स्टीअरिंगच्या दांड्यांना जोडलेले असून चाकांबरोबर फिरत. चेकोस्लोव्हाकियातील टाट्रा ७७अ या मोटारीला तीन हेडलाइट होते व त्यांपैकी मधला स्टीअरिंगला जोडण्याची सोय होती. १९४८ च्या अमेरिकन टकर मोटारीचा मधला दिवा याच जातीचा, पण स्टीअरिंग सुमारे १० अंशांपेक्षा अधिक वळल्यावरच तो कामाला लागे. नमुना-गाडी धरून टकरच्या केवळ ५१ गाड्या तयार झाल्या. त्यामुळे या दिव्याची कीर्ती त्याच्या वापरापेक्षा कितीतरी मोठी आहे.

मोठ्या संख्येने रस्त्यावर आलेली वळणाऱ्या दिव्यांची गाडी म्हणजे फ्रान्सची सिट्रोएन डीएस. ही गाडी १९५५ ची, परंतु तिचे वळणारे दिवे १९६७ साली पुढचा भाग नव्याने घडवला गेला तेव्हा आले. काचेच्या आवरणामागे प्रत्येक बाजूला दोन असे चार दिवे होते. त्यांतील आतले लांब पल्ल्याचे दिवे तारेच्या केबलने स्टीअरिंगला जोडलेले होते. अमेरिकेच्या तत्कालीन नियमांत काचेचे आवरण असलेले हेडलाइट बसत नसल्याने तेथे पाठवल्या जाणाऱ्या गाड्यांना हे आवरण नसे. दुसऱ्या महायुद्धातील विलीस जीपचे हेडलाइटही फिरवता येत असत. मात्र ते उलटे वळवून रात्री इंजिनावर उजेड पाडण्यासाठी होते, वाटेसाठी नव्हे.

२००२-०३ नंतर युरोपीय व जपानी मोटारींत विद्युत मोटरने वळणारे हेडलाइट आले. त्यांना अनुकूलनशील अग्रप्रकाश म्हणतात. संयुक्त राष्ट्रांच्या वाहन नियमावलीत त्यांच्यासाठी नियम क्र. १२३ आणि वळणापुरत्या लागणाऱ्या स्थिर दिव्यांसाठी नियम क्र. ११९ आहे. हे दिवे पक्क्या रस्त्यासाठी आखलेले असतात व त्यांचे वळणे बहुधा १५ अंशांच्या आसपास थांबते. त्यामुळे चाके पूर्ण वळवून दगडांतून वाट काढणाऱ्या जीपला ते अपुरे पडतात.

चाकाची दिशा आणि वाटेची दिशा

दिवा चाकाइतकाच वळवला की प्रकाश बरोबर वाटेवर पडेल, असा समज सर्वत्र आढळतो. तो अर्धाच खरा आहे. वळताना पुढचे चाक वर्तुळाकार मार्गावरून जाते. त्या क्षणी चाक जिकडे रोखलेले असते ती त्या वर्तुळाची स्पर्शरेषा होय. वाट स्पर्शरेषेवरून जात नाही, ती सतत आत वळत जाते. म्हणून जितके लांब पाहावे तितकी वाट चाकाच्या रोखापासून अधिक आत सरकलेली दिसते.

पुढच्या व मागच्या चाकांत २.४ मीटर अंतर असलेली, म्हणजे साधारण आखूड बांध्याची जीप उदाहरणादाखल घेता येईल. दिवा पुढच्या ॲक्सलच्या मध्यावर आहे असे मानू. सर्व कोन वाहनाच्या सरळ रेषेपासून मोजलेले आहेत.

खडकाळ जागेत चाके ३० अंश वळवून गाडी रांगत असता ५ मीटरवरचा वाटेचा बिंदू सुमारे ६१ अंशांवर येतो. येथे चाकाइतका वळणारा दिवा निम्मे काम करतो. १५ मीटर त्रिज्येच्या घाटातील वळणावर चाके केवळ ९ अंश वळतात, पण १० मीटरवरची वाट सुमारे २८ अंशांवर असते. म्हणजे काम एक-तृतीयांशच होते. ६० मीटर त्रिज्येच्या लांबलचक वळणावर चाके जेमतेम सव्वादोन अंश वळतात. ३० मीटरवरची वाट मात्र सुमारे १७ अंशांवर असते. तेथे असा दिवा वळला की नाही, हे चालकाच्या लक्षातही येणार नाही.

या आकड्यांवरून दोन गोष्टी कळतात. चाकांना थेट जोडलेला दिवा संथ गतीच्या, तीव्र वळणांच्या प्रदेशात उपयोगी आहे. वेगाने जाण्याच्या रस्त्यावर त्याच्यासाठी खर्च करणे व्यर्थ आहे. दुसरी गोष्ट म्हणजे दिवा चाकाच्या किती पट वळावा, याचे एकच प्रमाण ठरवता येत नाही. वरील तीन उदाहरणांत ते अनुक्रमे सुमारे दुप्पट, तिप्पट आणि सातपट येते. कारखान्यात घडवलेल्या आधुनिक प्रणाली वेग आणि स्टीअरिंगचा कोन दोन्ही मोजतात, त्याचे हे एक कारण आहे. दांडी किंवा केबल लावून केलेल्या रचनेला वेग कळत नाही.

डावे आणि उजवे चाक सारख्या कोनात वळत नाहीत, हेही ध्यानात घ्यावे लागते. वळणाच्या आतील चाक लहान वर्तुळावरून जात असल्याने ते अधिक वळते. वरील जीपच्या डाव्या-उजव्या चाकांत १.४ मीटर अंतर धरले आणि सरासरी कोन ३० अंश घेतला, तर आतले चाक सुमारे ३५ अंश व बाहेरचे सुमारे २६ अंश वळते. प्रत्येक दिवा आपापल्या चाकाला जोडल्यास दोन्ही झोत ८-९ अंशांनी फाकतात. रुंद झोताच्या दिव्यांना याने बिघडत नाही, उलट आतली बाजू थोडी अधिक उजळते.

चाकाचा रोख ही नेहमी वाहनाची वाट नसते. चिखलात किंवा वाळूत गाडीचा मागचा भाग घसरू लागला की चालक स्टीअरिंग उलट फिरवतो आणि दिवेही उलट वळतात. खोल चाकोरीत अडकलेली गाडी स्टीअरिंग वळवूनही सरळच जात राहते. मात्र अशा वेळी वळलेला झोत चाके नेमकी कुठे रोखलेली आहेत हे चालकाला दाखवतो. चाकोरीतून अचानक बाहेर पडताना झटका बसतो, आणि त्या वेळी हीच माहिती मोलाची ठरते.

झोताची निवड

दिवा वळणारा असावा की नाही याआधी त्याचा झोत किती रुंद हवा हे ठरवणे योग्य. सुमारे १० अंशांचा अरुंद झोत दूरवर पोचतो, पण चाकाइतकाच वळवल्यास तो स्पर्शरेषेच्या दिशेने, म्हणजे वळणाच्या बाहेरील बाजूस पडतो. जिथे जायचे नाही ते झाड लख्ख दिसते आणि जिथे जायचे ती जमीन काळीच राहते. वळणाऱ्या दिव्यासाठी अरुंद झोत निवडणे ही सर्वाधिक आढळणारी चूक होय.

याउलट ६० अंशांचा रुंद झोत मध्यापासून दोन्हीकडे ३० अंश पसरतो. असा दिवा सरळ ठेवला तरी घाटातील उदाहरणातले २८ अंश तो काठाकाठाने गाठतो. चाकाबरोबर ३० अंश वळवला, तर खडकाळ जागेतील वाट त्याच्या काठापर्यंत येते. रुंद झोताचा प्रकाश अधिक क्षेत्रावर विखुरतो, शिवाय दुप्पट अंतरावर तो एक-चतुर्थांश उरतो, म्हणून त्याचा पल्ला कमी असतो. पण जी गाडी माणसाच्या चालीने पुढे सरकते तिला ५ ते १५ मीटरचा उजेड पुरतो.

येथे एक साधा पर्यायही विचारात घ्यावा लागतो. ६० अंश झोताचे दोन स्थिर दिवे एक डावीकडे व एक उजवीकडे ३५ अंश फिरवून बसवले, तर प्रत्येक दिवा आपल्या बाजूचा ५ ते ६५ अंशांचा पट्टा उजळतो. वर दिलेली तिन्ही उदाहरणे या पट्ट्यात येतात आणि हलणारा एकही भाग लागत नाही. बॉनेटच्या मागील कोपऱ्यांत, पुढच्या काचेच्या खांबांजवळ असे दिवे लावण्याची पद्धत ऑफ-रोड वाहनांत रूढ आहे. त्यांना वेगवेगळी बटणे दिली, तर हव्या त्याच बाजूचा दिवा लावता येतो. अधूनमधून कच्च्या वाटेवर जाणाऱ्याला एवढे पुरते. वळणाऱ्या दिव्याची यंत्रणा करण्याचे कारण उरते ते दोनच प्रसंगी: बॅटरीवर भार वाढवायचा नसल्याने थोडक्या दिव्यांत भागवायचे असेल तेव्हा, किंवा दोन्ही हात स्टीअरिंगवर गुंतलेले असताना बटणांकडे लक्ष देणे शक्य नसेल तेव्हा.

धूळ, धुके व पाऊस यांत प्रकाश कणांवरून परतून चालकाच्या डोळ्यांत येतो. म्हणून अशा हवेत उपयोगी पडणारा दिवा डोळ्यांच्या पातळीपासून जितका खाली तितका चांगला. टपावरील दिवे दिसायला रुबाबदार असले, तरी धुळीत त्यांचा प्रकाश बॉनेटवर आणि धुळीच्या पडद्यावर पडून समोर पांढरी भिंत उभी राहते.

जोडणीचे प्रकार

चाक ज्या लोखंडी सांध्यासह वळते त्याला मेकॅनिक ‘नकल’ म्हणतात. दिवा थेट नकलवर बसवणे ही सर्वांत स्वस्त आणि सर्वांत वाईट पद्धत आहे. नकल स्प्रिंगच्या खालच्या बाजूस असल्याने प्रत्येक खड्ड्याचा धक्का दिव्याला सरळ बसतो. झोत सतत वरखाली नाचतो, तारा वाकून वाकून तुटतात आणि चिखलपाण्याचा पहिला मारा दिव्यावरच होतो. नकल ज्या अक्षावर वळतो तो थोडा कललेला असतो. त्यामुळे चाक वळताना झोताची उंचीही बदलते.

यापेक्षा चांगली पद्धत म्हणजे दिवा सांगाड्यावर उभ्या खुंटीवर बसवून त्याला दांडीने किंवा केबलने स्टीअरिंगशी जोडणे. ही दांडी कुठे जोडावी हे महत्त्वाचे. अखंड ॲक्सलच्या जीपमध्ये दोन चाकांना जोडणारा टाय रॉड ॲक्सलबरोबर वरखाली होतो, त्यामुळे तेथून घेतलेली गती अशुद्ध असते. स्टीअरिंग बॉक्समधून बाहेर येणारा ड्रॉप आर्म मात्र सांगाड्याच्या संदर्भात केवळ वळण्याचीच हालचाल करतो. म्हणून गती तेथून घेणे श्रेयस्कर. केबल वापरल्यास दिव्याची जागा मोकळेपणाने निवडता येते, परंतु आवरणात चिखल शिरला की केबल जड होते.

तिसरी पद्धत विद्युत मोटरची. स्टीअरिंगचा कोन मोजणारा संवेदक आणि दिवा फिरवणारी छोटी मोटर यांच्यात यांत्रिक दुवा नसतो. दिवा चाकाच्या दुप्पट वळवणे किंवा मधल्या चार-पाच अंशांत तो स्थिर ठेवणे, हे यात सहज साधते. मधला स्थिर पट्टा नसेल, तर खडबडीत वाटेवर स्टीअरिंगच्या बारीक हालचालींनी झोत थरथरत राहतो आणि चालकाचे डोळे लवकर थकतात. वीज खंडित झाल्यास दिवा आपोआप सरळ व्हावा यासाठी स्प्रिंग असणे आवश्यक आहे.

स्टीअरिंग अडकण्याचा धोका

दिवा बिघडला तर अंधार होतो. स्टीअरिंग अडकले तर गाडी दरीत जाते. त्यामुळे यांत्रिक जोडणीचा विचार करताना दिवा वळेल की नाही, यापेक्षा तो न वळल्यास काय होईल हा प्रश्न आधीचा आहे. फांदी अडकणे, दगड लागून खुंटी वाकणे, चिखल सुकून सांधा घट्ट होणे हे प्रसंग कच्च्या वाटेवर नेहमीचेच. अशा वेळी दिव्याच्या दांडीने स्टीअरिंग धरून ठेवता कामा नये. यासाठी दांडीत मुद्दाम एक कमकुवत दुवा ठेवतात. तो स्प्रिंगचा असतो किंवा ठराविक जोरापुढे तुटणाऱ्या पिनचा. दिव्याचा सांधा जागीच धरून ठेवला, तरी स्टीअरिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवता येते की नाही, हे गाडी उभी असताना तपासावे लागते. टाय रॉड किंवा ड्रॉप आर्मला भोक पाडणे अथवा वेल्डिंग करणे सर्वस्वी वर्ज्य आहे, कारण त्याने तो भाग कमकुवत होतो. जोडणी पकडपट्टीने करतात. स्प्रिंग पूर्ण दबलेली आणि पूर्ण सुटलेली, अशा दोन्ही स्थितींत दांडी कुठे टेकत नाही हेही पाहावे लागते.

वीज आणि बांधणी

५५ वॉटचा एक हॅलोजन दिवा १२ व्होल्टवर सुमारे ४.६ अँपिअर प्रवाह घेतो; जोडीला सव्वानऊ अँपिअर लागतात. एवढा प्रवाह डॅशबोर्डवरील बटणातून थेट नेल्यास बटण व तार तापतात. म्हणून रिले आणि बॅटरीजवळ १५ अँपिअरचा फ्यूज वापरतात. एलईडी दिवे तेवढ्याच उजेडासाठी बरीच कमी वीज घेतात. मात्र त्यांच्या मागच्या उष्णताशोषक पंख्यांमुळे काही दिवे जड असतात, आणि वळणाऱ्या खुंटीवर वजन जितके अधिक तितकी झीज अधिक. ओढा-नदी ओलांडायची असल्यास आयपी६७ दर्जा किमान मानावा. या दर्जाचा दिवा १ मीटर खोल पाण्यात अर्धा तास टिकणे अपेक्षित असते. वळणाऱ्या भागाजवळ तारेला सैल वेटोळे ठेवतात, नाहीतर ती तेथेच तुटते.

दिवे बसवल्यावर सपाट जागी भिंतीसमोर १० मीटरवर गाडी उभी करून झोताची उंची तपासतात. हे काम चाके सरळ, पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे अशा तिन्ही स्थितींत करावे लागते. वळवलेल्या स्थितीत झोत भिंतीवर तिरपा पडत असल्याने त्या वेळी गाडीची जागा बदलून अंतर तेवढेच ठेवतात. १ अंशाचा फरक १० मीटरवर सुमारे १७ सेंटीमीटर दिसतो. वळल्यावर झोत वर चढत असेल, तर खुंटी उभी नाही असे समजावे.

कायदेशीर स्थिती

भारतात केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील नियम १११ नुसार वाहनाच्या पुढील बाजूस स्पॉट लाइट किंवा सर्च लाइट लावण्यास मनाई असून अपवादात्मक परिस्थितीत नोंदणी अधिकाऱ्याच्या मान्यतेनेच तो लावता येतो. मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम ५२ उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदलांना प्रतिबंध करते. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मधील निर्णयात या कलमाचा असाच कडक अर्थ लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ अन्वये मालकाने केलेल्या अनधिकृत बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद, प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. वाहनदिव्यांच्या बसवणुकीचे भारतीय मानक एआयएस-००८ हे होय. ही मानके पुण्यातील ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था प्रसिद्ध करते.

दुकानात दिवा मिळतो म्हणजे तो सार्वजनिक रस्त्यावर चालतो, असे मुळीच नाही. समोरून येणाऱ्याचे डोळे दिपवणारा प्रकाश घाटात जीवघेणा ठरतो. वळणारा दिवा तर आपल्या बाजूच्या वळणावर झोत थेट समोरच्या गाडीवर टाकू शकतो. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात ऑफ-रोड दिवे गाडीवर ठेवण्यास मुभा आहे, परंतु सार्वजनिक रस्त्यावर आल्यावर त्यांवर अपारदर्शक झाकण घालावे लागते.